लॅटेक्सची गादी : पारख आणि मोल



“अंथरूण पाहून पाय पसरावे” अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिचा रोख खर्चाच्या बेतावर आहे हें खरें. परंतु तिचा शब्दशः अर्थ घेऊन अंथरूण पाहणारीं माणसें आपल्यांत फार थोडीं आढळतात. धान्य घेतांना आपण मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतों, साडी घेतांना पदर उजेडांत धरतों, सोनें घेतांना त्यावरील छाप तपासतों; आणि जिच्यावर रोज रात्रीं सात-आठ तास पाठ टेकावयाची, ती गादी मात्र दुकानदारानें दोन वेळां थापटून दाखविली कीं तेवढ्यावर विकत घेतों. पूर्वीं यांत फारसें बिघडत नसे. कापसाची गादी अंगणांत किंवा गच्चीवर भरली जाई, पिंजारी आपल्या डोळ्यांदेखत कापूस पिंजी, आणि आंत काय गेलें व किती गेलें हें घरांतील लहानथोरांस ठाऊक असे. आज गादी शिवून, गुंडाळून, प्लॅस्टिकांत बंद होऊन घरीं येते. तिच्या पोटांत काय आहे हें घेणाऱ्याला तर माहीत नसतेंच, पण विकणाऱ्यालाही पुष्कळदां नीटसें माहीत नसतें.

हल्लीं बाजारांत ज्या नाना तऱ्हेच्या गाद्या मिळतात, त्यांतील अधिक महागांपैकीं एक म्हणजे लॅटेक्सची गादी. मध्यम स्थितींतील कुटुंबाला ती घ्यावयाची म्हणजे एरवीं महिनाभर पुरेल एवढी रक्कम एका दिवसांत मोजून द्यावी लागते. शिवाय असली गादी घेण्याची वेळ बहुधा येते ती घरांतील कोणाची तरी पाठ किंवा कंबर दुखूं लागल्यावर. दुखणाइताच्या मनाची अवस्था चोखंदळ गिऱ्हाइकाची नसते. आराम मिळेल असें कोणीं सांगितलें कीं त्याचा विश्वास बसतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच या वस्तूची थोडी माहिती करून घेणें इष्ट आहे. आजच्या भाषणांत मी तेवढेंच योजिलें आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. लॅटेक्स म्हणजे झाडाचा चीक. रुईचा, वडाचा, फणसाचा चीक आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. त्याच जातीचा पण रबरानें समृद्ध असा चीक हेव्हिया ब्राझिलिएन्सिस या झाडाच्या सालींतून निघतो. हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतलें. १८७६ सालीं हेन्री विकम या इंग्रज गृहस्थानें त्याचें सुमारें ७०,००० बीं लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत आणलें, आणि तेथें उगवलेलीं रोपें पुढें सिंहलद्वीप व मलाया या भागांत पोंचलीं. आपल्या देशांत केरळांत पेरियार नदीच्या कांठीं थट्टेकाड येथें १९०२ सालीं रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. आज भारतांतील बहुतेक रबर केरळांत पिकतें, त्याच्या खालोखाल त्रिपुरांत. आणि रबराचा कारभार पाहणाऱ्या रबर बोर्डाची मुख्य कचेरी कोट्टयम येथें आहे. आपल्या इकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्गाच्या बाजूला व खालीं गोव्यांतही रबराचे मळे दृष्टीस पडतात. पहांटेच्या गारव्यांत मजूर झाडाची साल तिरकस कापतो, आणि त्या चरींतून पाझरणारा दुधासारखा चीक खालीं बांधलेल्या वाटींत थेंब थेंब गोळा होतो. या ताज्या चिकांत रबराचें प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असतें. उरलेला बहुतेक भाग पाण्याचा. तो नासूं नये म्हणून त्यांत अमोनिया घालतात, आणि यंत्रांत वेगानें फिरवून पाण्याचा अंश काढून टाकून तो ६० टक्क्यांपर्यंत दाट करतात. गादीच्या कारखान्यांत जातो तो हा दाट चीक.

नुसता चीक वाळविला तर त्याची गादी होत नाहीं. तो उन्हाळ्यांत चिकट होतो व थंडींत ताठरतो. गंधक मिसळून उष्णता दिली म्हणजे हा दोष जातो, हा शोध अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें १८३९ मध्यें लावला. पुढें १९२९ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेंत ई. ए. मर्फी या रसायनज्ञानें निराळीच युक्ति काढली. ताक घुसळावें तसा चीक घुसळून त्याचा फेस करावयाचा, त्यांत गंधक वगैरे द्रव्यें व फेस थिजविणारें एक द्रव्य घालावयाचें, तो सांच्यांत ओतावयाचा आणि वाफेच्या उष्णतेनें पक्का करावयाचा. थिजलेला हा फेस म्हणजेच लॅटेक्सची गादी. सांच्यांतून काढल्यावर ती धुऊन वाळवावी लागते. हें धुणें वरवरचें काम नव्हे. साबण, उरलेलीं रसायनें आणि चिकांतील प्रथिनें त्यामुळें निघून जातात. ज्या कारखान्यांत पाण्याची व वेळेची काटकसर होते, तेथील गादीचा वास लवकर जात नाहीं.

गादीच्या अंगावर जीं ओळीनें छिद्रें दिसतात, त्यांविषयीं दुकानांत अनेक सुरस कथा ऐकूं येतात. कोणी म्हणतो त्यांतून वारा खेळतो; कोणी म्हणतो त्यांमुळें शरीरांतील नसा दाबल्या जातात. वास्तविक तीं छिद्रें सांच्यांतील धातूच्या खिळ्यांचीं असतात. रबर हें उष्णतेचें मंद वाहक असल्यामुळें फेसाच्या गाभ्यापर्यंत ऊब पोंचावी म्हणून ते खिळे ठेवलेले असतात. त्यांतून थोडी हवा जाते हें खरें. पण तो मूळ हेतु नव्हे, आणि छिद्रें जितकीं मोठीं तितका मालही कमी लागतो हें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

मर्फीच्या पद्धतीला आज डनलॉप पद्धत म्हणतात. दुसरी पद्धत टॅलॅले या नांवानें ओळखली जाते. तींत सांचा अर्धवट भरतात, हवा ओढून घेऊन फेस सांचाभर पसरवितात, मग तो गोठवितात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड वायु सोडून थिजवितात. नंतर उष्णता देतात. या खटाटोपामुळें फेसाचीं कोशिकाछिद्रें सर्वत्र सारखीं राहतात आणि गादी अधिक हलकी व लुसलुशीत होते. डनलॉप पद्धतींत जड अंश थोडा तळाशीं बसतो, त्यामुळें खालची बाजू किंचित् घट्ट असते, आणि एकंदर गादी अधिक भरीव लागते. टॅलॅलेची किंमत अधिक. पण ती अधिक टिकाऊच असते असा अर्थ त्यांतून काढूं नये. जास्त पैसे पडतात ते मुख्यतः करणावळीचे. आपल्या देशांत तयार होणाऱ्या बहुतेक लॅटेक्स-गाद्या डनलॉप पद्धतीच्या असतात, आणि घरगुती उपयोगास त्यांत कांहीं उणें नाहीं.

येथें एका शब्दाचा घोटाळा सांगितला पाहिजे. वरील कंपनीच्या नांवावरून “डनलॉपची गादी” हा शब्द आपल्या घराघरांत रूढ झाला, आणि पुढें जी जी गादी दाबली असतां उसळी घेते ती ती लोकांच्या तोंडीं डनलॉपची झाली. त्यांतील कितीतरी गाद्यांत रबराचा थेंबही नसतो. त्या पॉलियुरेथीन फोमच्या असतात. हा पदार्थ सर्वस्वीं रसायनांपासून होतो. त्याचा शोध १९३७ मध्यें जर्मनींत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला. तिसरा प्रकार कृत्रिम लॅटेक्सचा. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं पडला, दोस्त राष्ट्रांचा रबराचा पुरवठा तुटला, आणि अमेरिकेनें खनिज तेलापासून रबर करण्याचा उद्योग प्रचंड प्रमाणावर हातीं घेतला. तेव्हांपासून कृत्रिम रबराचें दूध स्वस्त व मुबलक झालें. आज पुष्कळ गाद्यांत तें झाडाच्या चिकाशीं मिसळलेलें असतें. अशी मिश्र गादी वाईटच असते असें नाहीं. कांहीं बाबतींत ती सारखीही उतरते. परंतु मिश्र माल शुद्धाच्या भावानें विकणें ही लबाडी होय.

लबाडीचे प्रकार मुख्यतः शब्दांत असतात. “नैसर्गिक लॅटेक्सयुक्त” याचा अर्थ त्यांत थोडें तरी नैसर्गिक लॅटेक्स आहे एवढाच. तें किती, हें त्या शब्दानें कळत नाहीं. “लॅटेक्ससारखा स्पर्श” याचा अर्थ तें लॅटेक्स नाहीं. “लॅटेक्स गादी, ६ इंच” असें लिहिलेलें असतां सहाही इंच लॅटेक्सचे असतील असें आपण समजतों; आणि घरीं आल्यावर कळतें कीं वर एक इंच लॅटेक्सचा थर आहे, खालीं पांच इंच साधा फोम. उलटपक्षीं “शंभर टक्के नैसर्गिक” हे शब्दही जरा समजून घ्यावे. गंधक, जस्ताची भुकटी, साबण यांवांचून ही गादी बनतच नाहीं. तेव्हां शंभर टक्के याचा प्रामाणिक अर्थ इतकाच कीं तींतील रबर सर्व झाडाचें आहे. म्हणून दुकानदाराला प्रश्न विचारावयाचे ते असे : आंत थर किती? प्रत्येक थर कोणत्या पदार्थाचा व किती इंचांचा? लॅटेक्समध्यें झाडाच्या रबराचें प्रमाण किती? घनता किती? आणि हीं उत्तरें तो पावतीवर लिहून देईल काय? शेवटच्या प्रश्नानें पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जो तोंडानें भरभरून बोलतो, पण लिहून देण्याची वेळ आली कीं पेन शोधूं लागतो, त्याच्याकडून माल न घेतलेला बरा.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. पहिली गोष्ट, खोळ उघडून पाहावी. चांगल्या गादीच्या खोळीला सांखळी असते. ती उघडूं देण्यास दुकानदार नाराज असेल, तर निदान त्याच गादीचा कापलेला तुकडा पाहण्यास मागावा. बाजूनें पाहिलें कीं थर डोळ्यांना दिसतात. नैसर्गिक लॅटेक्सचा रंग सायीसारखा, किंचित् पिवळसर असतो. मात्र रंगावर सर्वस्वीं विसंबूं नये, कारण रंग घालतां येतो. वास रबराचा, पण सौम्य असावा, आणि गादी हवेशीर खोलींत ठेवल्यावर कांहीं दिवसांत तो उणावत जावा. डोळ्यांस झोंबणारा उग्र वास हें चांगलें लक्षण नव्हे.

दुसरी परीक्षा हाताची. मूठ दाबून एकदम सोडावी. लॅटेक्स तत्क्षणीं पूर्ववत् होतें, ठसा उरत नाहीं. मेमरी फोमवर हाताचा ठसा क्षणभर राहून मग हळूहळू भरून येतो. नंतर कापलेल्या तुकड्याची कड चिमटींत धरून ताणावी. चांगलें रबर ताणलें जातें आणि मागें येतें. ज्यांत खडूची पूड किंवा माती भरीला घातली आहे, तें लवकर फाटतें, आणि अंगठ्यानें चोळलें असतां त्याची भुकटी बोटाला लागते. ही भर स्वस्त पडते, मालाला वजन आणते, आणि गादी कांहीं वर्षांत ठिसूळ करून टाकते.

तिसरी परीक्षा वजनाची. ही मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिला गणित लागतें, वक्तृत्व लागत नाहीं. गादीची लांबी, रुंदी व जाडी इंचांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्यास ६१,००० नें भागावें. म्हणजे तिचें आकारमान घनमीटरांत मिळतें. उदाहरणार्थ, ७२ इंच लांब, ६० इंच रुंद व ६ इंच जाड गादीचा गुणाकार २५,९२० येतो, आणि आकारमान सुमारें ०.४२५ घनमीटर. डनलॉप पद्धतीच्या चांगल्या लॅटेक्सचें वजन एका घनमीटरला साधारण ७० ते ९० किलो असतें. ८० धरलें तर या गादीचा गाभा सुमारें ३४ किलो भरला पाहिजे. तीच गादी घनमीटरला ३२ किलोच्या साध्या फोमची असेल, तर ती साडेतेरा किलोंच्या आसपास भरेल. वर २ इंच लॅटेक्स आणि खालीं ४ इंच असला फोम असेल, तर वजन २० किलोंच्या घरांत येईल. छिद्रांच्या आकारामुळें व कारखान्यागणिक यांत थोडा फरक पडतो, आणि टॅलॅलेची गादी याहून हलकी असते. पण चौतीस आणि वीस यांतला फरक छिद्रांनीं पडत नाहीं.

मात्र वजन हा एकटाच साक्षीदार पुरेसा नाहीं. फोमचे तुकडे डिंकानें चिकटवून व दाबून केलेला थर जड असतो. काथ्याचा थरही जड असतो. आणि खडूची भर तर वजनासाठींच घालतात. म्हणून वजन कमी भरलें तर संशय घ्यावा, पण बरोबर भरलें एवढ्यावरून निश्चिंत होऊं नये. वजन, बाजूनें दिसणारे थर आणि ताणून पाहिलेला तुकडा, हे तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवावा.

चौथा साक्षीदार प्रमाणपत्रांचा. हीं प्रमाणपत्रें दुकानाच्या भिंतीवर चौकटींत टांगलेलीं असतात. पण कोणतें काय सांगतें हें फार थोड्यांना माहीत असतें. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हें प्रमाणपत्र मालांत अपायकारक द्रव्यें ठराविक मर्यादेबाहेर नाहींत एवढें सांगतें. माल झाडाच्या रबराचा आहे असें तें सांगत नाहीं. कृत्रिम पदार्थालाही तें मिळूं शकतें. ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड, म्हणजे ज्याला व्यापारी गोल्स म्हणतात, त्यासाठीं मात्र किमान ९५ टक्के कच्चा माल सेंद्रिय लागवडींतला असावा लागतो. तेव्हां प्रश्न शुद्धतेचा असेल तर पहिलें दाखवून दुसऱ्याचें समाधान होत नाहीं. शिवाय प्रमाणपत्र कोणाच्या नांवाचें आहे, त्याची मुदत संपली आहे काय, आणि तें याच गादीचें आहे कीं कारखान्यांतील दुसऱ्या एखाद्या वस्तूचें, हें पाहावें. त्यावर क्रमांक असतो, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे तो घरबसल्या पडताळतां येतो.

गादी शुद्ध आहे हें ठरलें, म्हणजे ती आपल्याला योग्य आहे हें ठरत नाहीं. आपल्याकडे असा एक दृढ समज आहे कीं पाठदुखीला गादी जितकी कडक तितकी चांगली; कित्येक वडीलधारीं माणसें तर फळीवर निजण्याचा सल्ला देतात. याविषयीं स्पेनमध्यें एक पद्धतशीर प्रयोग झाला, आणि त्याचा वृत्तांत २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ लोकांपैकीं कांहींना कडक व कांहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर निजणारांना अधिक आराम पडल्याचें आढळून आलें. हा प्रयोग कडकपणाविषयींचा होता. अमुक पदार्थाची गादी श्रेष्ठ असा निष्कर्ष त्यांतून निघत नाहीं, आणि कोणी दुकानदार तसा तो काढूं लागला तर ऐकून घ्यावें व सोडून द्यावें. “ऑर्थोपेडिक” हा शब्दही असाच. गादीवर तो छापलेला असला म्हणजे एखाद्या अस्थितज्ज्ञानें ती तपासली आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

खरी परीक्षा निजून पाहण्याची. दुकानांत गादीवर बसून उसळी घेण्यापेक्षां, आपण घरीं ज्या कुशीवर निजतों त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटें स्वस्थ पडावें. यांत संकोच करण्यासारखें कांहीं नाहीं. कुशीवर निजणाऱ्याचा खांदा व नितंब थोडे आंत जाऊन पाठीचा कणा सरळ राहिला पाहिजे. उताणें निजणाऱ्याच्या कंबरेखालीं हात सहज आरपार जात असेल तर गादी फार कडक, आणि कंबरच खालीं खचत असेल तर फार मऊ. जड बांध्याच्या माणसाला घट्ट गादी लागते, हलक्या बांध्याच्याला तीच दगडासारखी वाटते. म्हणून आईसाठीं गादी घ्यावयाची असेल तर आईला बरोबर न्यावें. मुलानें निजून पाहून आईसाठीं गादी ठरवूं नये. वृद्ध माणसांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पाहावी. पलंगासह गादीची उंची एवढीच असावी कीं कडेवर बसलें असतां पाय जमिनीला पुरते टेकतील. जाड गादीच्या मोहानें ही उंची वाढते, आणि रात्रीं उठतांना तोल जाण्याची भीति उत्पन्न होते.

आतां मोलाविषयीं. महाग वस्तु टिकाऊ असते, म्हणून शेवटीं ती स्वस्तच पडते, असा युक्तिवाद नेहमीं करण्यांत येतो. तो खरा कीं खोटा हें आंकड्यांनीं पाहावें. समजा, एक लॅटेक्सची गादी ३६,००० रुपयांना आहे आणि एक साधी १२,००० रुपयांना. साधी गादी ४ वर्षें टिकली तर वर्षाला ३,००० रुपये पडले. लॅटेक्सची गादी १२ वर्षें टिकली तर तिलाही वर्षाला तितकेच पडतात. म्हणजे तोटा नाहीं आणि झोंप अधिक चांगली. पण तीच जर ६ वर्षांत बसली, तर वर्षाला ६,००० पडले. अर्थात् सगळा हिशेब टिकण्यावर अवलंबून आहे, आणि टिकण्याची शाश्वती देणारा कागद म्हणजे हमीपत्र.

हमीपत्रावरील वर्षांचा मोठा आंकडा पाहून समाधान मानूं नये. खालचें बारीक अक्षर वाचावें. गादींत किती खोल खळगा पडला म्हणजे कंपनी तो दोष मानते? कित्येक ठिकाणीं ही मर्यादा एक इंचाची किंवा त्याहून अधिक असते, आणि अर्ध्या इंचाच्या खळग्यानेंही पाठ दुखूं शकते. संपूर्ण मुदतभर गादी बदलून मिळते, कीं कांहीं वर्षांनंतर किमतीचा वाढता हिस्सा आपणच भरावयाचा? नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा? गादीवर डाग पडल्यास हमी रद्द होते काय? पलंग विशिष्ट प्रकारचाच असावा अशी अट आहे काय? कांहीं विक्रेते घरीं कित्येक रात्रीं वापरून पाहण्याची सवलत देतात. ही सवलत चांगली आहे, पण परत देतांना पैसे पुरे मिळतात कीं कांहीं कापून, हें आधीं विचारावें. पावती व हमीपत्र जपून ठेवावें. माल सांगितल्याप्रमाणें न निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला दूरध्वनि करतां येतो. तेथें आपल्या बाजूनें बोलतो तो कागद. दुकानांतील गोड शब्द तेथें उपयोगी पडत नाहींत.

गादी घरीं आल्यावर तिची निगा कापसाच्या गादीसारखी करूं नये, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. आपल्या घरांत दसरा-दिवाळीच्या सुमारास गाद्या उन्हांत टाकण्याची चाल आहे, आणि कापसाला ती फार हितावह आहे. लॅटेक्सला मात्र ऊन हा शत्रु आहे. उन्हानें रबराचा पृष्ठभाग पिवळा पडतो, मग टणक होतो, आणि शेवटीं त्याला चिरा पडून भुगा होऊं लागतो. तिला वारा द्यावा, पण तो सावलींत. दुसरा शत्रु तेल. केसांचें खोबरेल, अंगाला चोळण्याचें तेल खोळींतून झिरपून रबरापर्यंत गेलें तर रबर फुगतें व कमकुवत होतें. म्हणून वर धुतां येईल असें जाड आच्छादन घालावें. तिसरा शत्रु दमट हवा, आणि मुंबई-कोंकणांत राहणारांना ती निराळी सांगावयास नको. ज्याच्या पोटांत सामान ठेवतात अशा बंद पेटीच्या पलंगावर गादी ठेवली तर पावसाळ्यांत तिच्या पाठीला बुरशी येते. पट्ट्यांचा पलंग उत्तम. पट्ट्यांमधील अंतर मात्र तीन इंचांहून अधिक नसावें, नाहींतर गादी त्या फटींत खचते. बंद पलंगच असेल तर फळीला भोकें पाडून घ्यावीं व अधूनमधून गादी उभी करून ठेवावी. गुंडाळून आलेली गादी लवकर उघडावी. फार दिवस दबून राहणें तिला मानवत नाहीं.

आणखी थोडें, ही गादी कोणीं घेऊं नये याविषयीं. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनीं किंवा फुग्यांनीं अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून ती घेऊं नये. ज्यांच्या घरीं जागेच्या अडचणीमुळें रात्रीं अंथरूण घालावें लागतें व सकाळीं उचलावें लागतें, त्यांना चौतीस किलोंचें हें धूड रोज हलविणें शक्य नाहीं. त्यांना कापसाची गादीच सोयीची. आणि ज्यांना झोंप चांगली लागते, पाठ दुखत नाहीं, त्यांनीं शेजारच्या बिऱ्हाडीं आली म्हणून ती आणण्याचें कांहीं कारण नाहीं. कापसाच्या गादीचे गुण जुने झाले म्हणून संपलेले नाहींत. ती पुन्हां पिंजून घेतां येते, तिची खोळ बदलतां येते, आणि तिच्या पोटांत काय आहे हें अजूनही समोर बसून पाहतां येतें. गल्लींत पिंजाऱ्याची तार हल्लीं क्वचित् ऐकूं येते. पण ज्या गांवांत ती ऐकूं येते, तेथील लोकांनीं त्याला हांक मारावी.

लॅटेक्सची गादी ही चांगली वस्तु आहे. खरी असेल आणि आपल्या शरीराला मानवेल, तर तिला दिलेले पैसे वाया जात नाहींत. पण कोणतीही गादी रोग बरा करीत नाहीं; ज्याच्या पायांत मुंग्या येतात, ज्याची पाठ रात्रीं झोंपमोड करण्याइतकी दुखते, त्यानें आधीं डॉक्टरांकडे जावें आणि मग गादीच्या दुकानांत. आणि दुकानांत जातांना खिशांत तीन वस्तु असाव्या : मोजपट्टी, कागद आणि पेन्सिल. वजनकांटा बहुधा दुकानदाराकडे असतो. नसेल, तर माल पोंचविणाऱ्या गाडीच्या पावतीवर वजन लिहिलेलें असतें. तें तरी पाहावें, आणि तें हिशेबांत बसत असेल तरच गादी घरांत घ्यावी.